गेशा : एका परंपरेची घडण

दूरच्या देशांविषयी आपल्या मनात ज्या कल्पना रुजलेल्या असतात, त्या पुष्कळदा एखाद्या चित्रातून आलेल्या असतात. जपानचे नाव निघाले की हिमाच्छादित फुजी पर्वत, साकुराचा बहर आणि चेहऱ्याला शुभ्र लेप लावून, कागदी छत्री हाती घेऊन खालमानेने चाललेली गेशा, ही तीन चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. त्यांतील पहिली दोन निसर्गाची आहेत. तिसरे माणसाने घडविलेले आहे. तथापि पाहणारा तिन्हींकडे सारख्याच दृष्टीने पाहतो. पर्वत जसा अनादि, तशी ही स्त्रीही जणू अनादि काळापासून त्याच वेषात आणि त्याच चालीने चालत आली आहे, असे त्याला वाटते.

वस्तुस्थिती निराळी आहे. गेशा ही संस्था फार प्राचीन नाही. पानिपतच्या रणांगणावर मराठ्यांची सेना लढत होती, त्याच सुमारास जपानात पहिल्या स्त्री-गेशा उदयाला येत होत्या. म्हणजे या संस्थेचे वय पावणेतीनशे वर्षांच्या आतबाहेर आहे. आणि एवढ्या अवधीत तिने आपले रूप एकदा नव्हे, अनेकदा पालटले आहे. आज आपण जिला जपानची शाश्वत परंपरा म्हणून वाखाणतो, तिचा बराचसा भाग अर्वाचीन काळात, प्रसंगी सरकारी कचेरीत बसून, विचारपूर्वक रचलेला आहे. ही रचना कशी झाली आणि तिच्यासाठी कोणी काय किंमत मोजली, याचा थोडा विचार करू.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ‘गेइ’ म्हणजे कला आणि ‘शा’ म्हणजे व्यक्ती. कला जाणणारी व्यक्ती ती गेशा. क्योटो या जुन्या राजधानीत तिला ‘गेइको’ म्हणतात, आणि जी अजून शिकाऊ आहे तिला ‘माइको’, म्हणजे नाचणारी मुलगी, असे गोड नाव आहे. शब्दशः पाहिले तर आपल्या भाषेतील ‘कलावंतीण’ हा शब्द त्याच्या अगदी जवळचा. दोन्ही शब्दांच्या वाट्याला एकच दैवगती आली. मूळ अर्थ कलेचा, पण लोकांच्या तोंडी त्याला वेगळाच वास चिकटला.

हा वास चिकटण्याला कारण झाले ते संस्थेचे जन्मस्थान. सतराव्या शतकाच्या आरंभी तोकुगावा घराण्याची सत्ता स्थिर झाली आणि एदो, म्हणजे आजचे टोकियो, हे त्यांच्या राज्यकारभाराचे केंद्र बनले. सरदार, त्यांचे शिपाई, कारागीर आणि व्यापारी यांनी नगर गजबजून गेले. या नगरातील विलास आटोक्यात ठेवावा म्हणून सरकारने १६१७ साली योशिवारा नावाच्या वस्तीला परवाना दिला. १६५७च्या भयंकर आगीनंतर ती वस्ती नगराच्या उत्तरेस हलविण्यात आली. भोवती खंदक, ये-जा करण्यास एकच मोठा दरवाजा, आणि आत कर्जाच्या कागदाने बांधलेल्या स्त्रिया. त्यांतील सर्वांत वरच्या दर्जाच्या गणिकेला ‘ओइरान’ म्हणत. तिचा थाट राणीला लाजवील असा असे. पण तिला दरवाजाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती.

या वस्तीतील मैफलींत रंग भरण्यासाठी गाणारे, वाजविणारे आणि गमतीने लोकांना हसविणारे कलावंत येत. आश्चर्याची गोष्ट अशी, की ‘गेशा’ हे नाव प्रथम मिळाले ते या पुरुषांना. १७५०च्या नंतर क्योटोच्या शिमाबारा वस्तीत आणि लवकरच एदोमध्ये स्त्रियाही हा व्यवसाय करू लागल्या. थोड्याच वर्षांत त्यांची संख्या एवढी वाढली की पुरुष मागे पडले आणि ‘गेशा’ म्हणजे स्त्री, असे समीकरण रूढ झाले. १७७९ साली योशिवाऱ्यात या कलावतींच्या नोंदणीसाठी ‘केनबान’ नावाची कचेरी निघाली. कोणती गेशा कोणत्या मैफलीस गेली, किती वेळ बसली, याची नोंद तेथे होई. वेळ मोजण्याचे साधन म्हणजे उदबत्ती. जितक्या उदबत्त्या जळाल्या तितके मानधन. क्योटोत या मानधनाला ‘फुलांचे मोल’ म्हणतात. उदबत्ती विझून कैक वर्षे झाली, पण नाव टिकले आहे.

केनबानने घालून दिलेले नियम मोठे बोलके आहेत. गेशेने गणिकेच्या ग्राहकाशी सलगी करू नये. तिचे वस्त्र साधे असावे. केसांत मोजकेच काटे आणि फण्या असाव्यात. वस्तीच्या चालकांना आपल्या ओइरानचा धंदा सांभाळावयाचा होता, एवढाच त्यामागील हेतू. तेथे कलेच्या पावित्र्याचा विचार नव्हता. परंतु इतिहासाचा चमत्कार असा, की ज्या नियमांनी तिचे अंग झाकले त्यांनीच तिची अभिरुची घडविली. ओइरान सोन्याच्या कलाबतूने मढलेली, कमरपट्टा पुढे बांधलेली. गेशा गडद, एकरंगी किमोनोत, कमरपट्टा मागे बांधलेली. भपक्याची मुभा नसल्यामुळे तिने मोहिनी शोधली ती अस्तराच्या रंगात, गळपट्टीच्या ठेवणीत, शब्दातील विनोदात आणि शामिसेनच्या सुरात. हे तीन तारांचे वाद्य सोळाव्या शतकात ओकिनावाच्या बेटांवरून जपानच्या मुख्य भूमीवर आले आणि गेशेच्या हाती पडून नगरजीवनाचा कंठस्वरच बनले.

एदोच्या आग्नेय दिशेला फुकागावा म्हणून भाग होता. तेथील गेशांची तर कीर्ती अशी, की त्या पुरुषांनी घालावयाचा ‘हाओरी’ अंगरखा घालीत, पुरुषी धाटणीची नावे घेत आणि भर हिवाळ्यातही पायांत मोजे न घालता अनवाणी लाकडी खडावांवर चालत. या बाणेदार सौंदर्याला जपानी भाषेत ‘इकी’ असा शब्द आहे. कुकी शूझो नावाच्या तत्त्वचिंतकाने युरोपात सात-आठ वर्षे अध्ययन करून परतल्यावर १९३० साली या एका शब्दाच्या उलगड्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या मते ‘इकी’ची घटक तत्त्वे तीन : पहिला विभ्रम, दुसरा बाणा आणि तिसरी निःसंगता. विभ्रम म्हणजे आकर्षण आणि अंतर यांतील ताण. बाण्यामागे एदोच्या वीरवृत्तीचा आदर्श आहे. आणि निःसंगतेमागे बौद्ध धर्माने शिकविलेली अनित्यतेची जाण आहे. श्रोतेहो, ज्या स्त्रीच्या हाती स्वतःच्या आयुष्यातील फारच थोडे होते, तिच्या ठायी जपानी माणसाने आपल्या सौंदर्यविचाराचा गाभा पाहावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जिला धरून ठेवण्याचा अधिकार नसतो, ती सोडून देण्याची कला शिकते. निःसंगता हा तिच्या बाबतीत सद्गुण होताच. पण तो पुष्कळदा नाइलाजही होता.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. गेशा व्हावे असे मुलीने ठरविण्याचा प्रश्न बहुधा उद्भवतच नसे. दुष्काळाने किंवा कर्जाने गांजलेला बाप आगाऊ रक्कम घेई आणि मुलीला ‘ओकिया’मध्ये, म्हणजे गेशांच्या निवासगृहात, ठेवून जाई. तिचे अन्न, तिचे शिक्षण, तिचे किमोनो हे सर्व त्या कर्जात मिळविले जाई, आणि कर्ज फिटेपर्यंत ती त्या घराची बांधील असे. गणिकेच्या आणि गेशेच्या व्यवसायात नियमाने भेद केला होता खरा. पण करारपत्र एकाच मासल्याचे होते.

१८७२ साली या कराराला पहिला मोठा धक्का बसला, आणि तोही आडवाटेने. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ‘मारिया लूझ’ नावाचे पेरू देशाचे एक जहाज योकोहामा बंदरात आले. त्यावर मकावहून पेरूकडे नेले जाणारे दोनशेहून अधिक चिनी मजूर होते. त्यांतील एकाने समुद्रात उडी घेतली आणि पोहत जाऊन ब्रिटिश युद्धनौकेचा आश्रय घेतला. मजुरांच्या छळाची हकिकत बाहेर आली. जपानी अधिकारी ओए ताकू यांनी चौकशी करून मजुरांना मुक्त केले. तेव्हा कप्तानाच्या वकिलाने मर्मावर बोट ठेवले : तुमच्याच देशात स्त्रिया अशाच कागदांवर बांधल्या जातात, त्याचे काय? नव्याने आधुनिक होऊ पाहणाऱ्या मेइजी सरकारला हा टोला वर्मी लागला. त्याच वर्षी गेशा आणि गणिका यांच्या मुक्ततेचा हुकूम निघाला.

सरकारी हुकमांची भाषा सहसा कोरडी असते. परंतु न्यायखात्याने काढलेल्या पुरवणी आदेशाची भाषा विलक्षण आहे. त्याचा आशय असा, की या स्त्रियांचे मनुष्यत्वाचे हक्क हिरावून घेतले गेले आहेत आणि त्यांची अवस्था गुराघोड्यांसारखी झाली आहे. गुराघोड्यांकडून कोणी कर्जाची फेड मागत नाही, सबब या स्त्रियांकडूनही मागता येणार नाही. लोकांनी या हुकमाला उपहासाने ‘गुरे सोडण्याचा कायदा’ असे नाव ठेवले. उद्देश उदार, पण युक्तिवादात दडलेला अपमान कोणाच्या ध्यानीही आला नाही. शिवाय मुक्त झालेल्या स्त्रीने जावे कोठे, याचे उत्तर हुकमात नव्हते. थोड्याच वर्षांत त्याच स्त्रिया, त्याच घरांत, ‘स्वेच्छेने परवाना घेतलेल्या’ म्हणून नोंदल्या गेल्या. कागद बदलला, कर्ज राहिले.

याच सुमारास क्योटोत जे घडले ते मात्र अधिक टिकाऊ ठरले. १८६९ साली सम्राट टोकियोला गेले आणि हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी असलेले हे नगर एकाएकी निस्तेज झाले. व्यापार बसला, कारागीर हवालदिल झाले. नगराला पुन्हा उभे करण्यासाठी तेथील अधिकाऱ्यांनी १८७२च्या वसंतात मोठे प्रदर्शन भरविले आणि परदेशी पाहुण्यांना क्योटोत येण्याची मुभा दिली. त्या प्रदर्शनाचा एक भाग म्हणून गिओन वस्तीतील माइको आणि गेइको यांच्या नृत्याचा जाहीर कार्यक्रम ठरला. माकिमुरा मासानाओ हा प्रांताधिकारी, सुगिउरा जिरोएमोन हा ‘इचिरिकी’ या प्रख्यात चहागृहाचा मालक आणि इनोउए घराण्याची तिसरी याचियो ही नृत्यगुरू, या तिघांच्या विचारविनिमयातून ‘मियाको ओदोरी’, म्हणजे राजधानीचे नृत्य, जन्माला आले.

यात क्रांती कोणती, असा प्रश्न पडेल. तोपर्यंत गिओनचे नृत्य एका तातामी चटईच्या जागेत, निवडक पाहुण्यांपुढे, मेणबत्तीच्या उजेडात होत असे. त्यात हालचाल अत्यंत संयमित. इनोउए घराण्यावर नोह नाट्याचा आणि बाहुल्यांच्या नाट्याचा संस्कार आहे. अशा एकान्तातील कलेला याचियोने समूहनृत्याचे रूप दिले. एकसारख्या वेषातील नर्तकींच्या रांगा दोहों बाजूंनी रंगमंचावर येतात, एकामागून एक ऋतू उलगडतात आणि जो कोणी तिकीट काढील त्याला ते पाहता येते. चहागृहात ओळखीशिवाय नव्या माणसाला प्रवेश नाही, हा नियम कायम राहिला. पण कलेचे एक दार लोकांसाठी उघडले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने खाली बसण्याची सवय नसलेल्या परदेशीयांसाठी उरासेंके चहासंप्रदायाच्या आचार्यांनी टेबल-खुर्चीवर बसून चहा देण्याचा विधी रचला, आणि मियाको ओदोरीच्या प्रेक्षकांना आजही त्याच पद्धतीने चहा दिला जातो. परंपरा म्हणून आज जे डोळ्यांत साठविले जाते ते एका गांजलेल्या नगराने पोटासाठी शोधलेले उपाय होते, हे कळल्याने त्यांची शोभा कमी होत नाही. उलट त्यांमागील माणसे दिसू लागतात.

त्याच काळातील आणखी एक संस्था उल्लेखनीय आहे. मुक्ततेच्या हुकमानंतर या स्त्रियांना दुसरे काही उपजीविकेचे साधन मिळावे म्हणून गिओनमध्ये ‘न्योकोबा’, म्हणजे स्त्रियांची उद्योगशाळा, निघाली. तेथे शिवण, वाचन, हिशेब, रेशीमकाम असे विषय होते. हेतू असा, की त्यांनी गेशेचा व्यवसाय सोडावा. घडले उलटे. काही वर्षांत नृत्य, शामिसेन, ढोलकी, बासरी, चहाविधी यांनी शिवणकामाची जागा घेतली आणि तीच शाळा ‘यासाका न्योकोबा’ या नावाने गिओनच्या कलाशिक्षणाचे केंद्र होऊन बसली. पंधरा-सोळा वर्षांची माइको आणि सत्तरी ओलांडलेली गेइको या दोघीही तेथे विद्यार्थिनी म्हणूनच जातात; जोवर व्यवसाय आहे तोवर शिक्षण संपत नाही. व्यवसायातून बाहेर नेणारी वाट त्या व्यवसायाचा पाया बनली.

मेइजी युगात गेशेला राष्ट्राच्या इतिहासातही स्थान मिळाले. शोगुनची सत्ता उलथविणारे तरुण सामुराई क्योटोच्या चहागृहांत गुप्त मसलती करीत, आणि गेशा त्यांची गुपिते सांभाळीत. त्यांतील किदो ताकायोशी शोगुनच्या हेरांना चुकवीत असता इकुमात्सू नावाच्या गेइकोने त्याला पुलाखाली अन्न पोहोचविले, अशी कथा सांगतात. पुढे ती त्याची पत्नी झाली. जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी यांची पत्नी उमेको हीही पूर्वाश्रमीची गेशा. सादायाक्को ही गेशा पतीच्या नाटकमंडळीबरोबर १८९९ साली अमेरिकेला गेली आणि १९००च्या पॅरिस प्रदर्शनात तिच्या अभिनयाने युरोप थक्क झाला. परत आल्यावर १९०८ साली तिने अभिनेत्रींसाठी शिक्षणसंस्था काढली. १६२९पासून ज्या देशात स्त्रियांना रंगभूमी वर्ज्य केली होती, तेथे ही घटना लहान नव्हे. पश्चिमेला मात्र तिच्यापेक्षा पुच्चीनीची १९०४ सालची रडणारी फुलराणी अधिक लक्षात राहिली, आणि गेशा म्हणजे परदेशी पुरुषाची वाट पाहणारी अबला, ही कल्पना तेव्हापासून जगभर पसरली.

१९२०च्या दशकात गेशांची संख्या ऐंशी हजारांच्या घरात होती, असा अंदाज आहे. तोवर वेषभूषेत, केशरचनेत, नव्या गाण्यांत त्या समाजाच्या पुढे असत. गेशेने आज जे नेसले ते उद्या शहरातल्या स्त्रिया नेसणार, अशी स्थिती होती. पण आता शहरांत कॅफे निघाले, आखूड केसांच्या आधुनिक तरुणी दिसू लागल्या, जॅझचे सूर घुमू लागले. काही गेशांनी पाश्चात्त्य झगे घालून आणि जोडीनृत्य शिकून पाहिले. ते काही त्यांना शोभले नाही. अखेर त्यांनी मागे राहण्याचा निर्णय घेतला. आणि जो वेष सर्वांनी सोडला तो त्यांच्यापाशी राहिल्यामुळे कालची फॅशन ही आजची परंपरा झाली. एकेकाळी नवतेची नायिका असलेली गेशा जुन्याची राखणदार बनली ती या मार्गाने.

युद्धाने सर्वच विस्कटले. १९४४च्या मार्चमध्ये चहागृहे बंद झाली आणि गेशा कारखान्यांत कामाला गेल्या. १९४५ साली दारे पुन्हा उघडली, परंतु त्या दारांतून आत शिरला तो नवा कायदा. १९४७च्या संविधानाने गुलामगिरी निषिद्ध ठरविली. त्याच वर्षी शिक्षण नऊ वर्षे सक्तीचे झाले. पूर्वी वयाच्या सहाव्या वर्षी, सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी कलाशिक्षणाचा आरंभ करावा असा संकेत होता. आता पंधराव्या वर्षाच्या आत मुलीला ओकियात घेणे अशक्य झाले. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा धंद्याशी निगडित आगाऊ कर्जाचा करार निरर्थक ठरविला. १९५६ साली वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा संमत झाला आणि १९५८पासून तो पूर्णपणे अमलात आला. योशिवाऱ्याचे तीनशे चाळीस वर्षांचे दिवे मालवले. गेशा मात्र राहिली, कारण तिच्यापाशी विकण्याजोगे दुसरे काही होते.

याच संधिकाळात, १९५७ साली, मासुदा सायो या स्त्रीने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. गिओनच्या चकचकीत जगाशी तिचा संबंध नव्हता. लहानपणी दुसऱ्यांची मुले सांभाळण्यास ठेवलेली ही पोर बाराव्या वर्षी सुवा येथील उष्ण झऱ्यांच्या गावात गेशागृहाला विकली गेली. तिला शाळा ठाऊक नव्हती. मोठेपणी शिकलेल्या साध्या ‘हिरागाना’ अक्षरांत तिने लिहिले. गेशांच्या कमनीयतेवर शेकडो पंडितांनी लिहिले आहे. पण भूक, मार आणि विकले जाणे यांविषयी तिच्याइतके थेट फार थोड्यांनी लिहिले आहे. गेशेच्या सौंदर्यावर बोलताना तिची साक्ष विसरणे हा अन्याय होईल.

आजच्या क्योटोत गिओन कोबु, गिओन हिगाशी, पोंतोचो, मियागावाचो आणि कामिशिचिकेन अशा पाच ‘हानामाची’, म्हणजे फुलांच्या वस्त्या, आहेत. तेथे येणारी मुलगी स्वतःच्या इच्छेने येते. बहुधा ती क्योटोची नसते. एखाद्या दूरच्या गावी तिने चित्रफितीत माइको पाहिलेली असते. पहिले जवळजवळ वर्षभर ती घरकाम करते, क्योटोची मृदू बोली शिकते, नृत्याचे धडे घेते. मग एका ज्येष्ठ गेइकोबरोबर मद्याच्या पेल्यांची देवघेव होऊन ती तिची धाकटी बहीण होते आणि तिच्या नावातील एक अक्षर आपल्या नावात धारण करते. घरमालकिणीला ती आई म्हणते. या स्त्रीराज्यात सर्व नाती आईची आणि बहिणींची. घराचा वारसाही मुलीकडे जातो.

माइकोचा साज म्हणजे चालताबोलता पंचांगच. केसांतील फुले महिन्यागणिक बदलतात. पाठीवरून घोट्यापर्यंत लोंबणारा कमरपट्टा पाच मीटरांहून लांब, आणि त्याच्या टोकाला तिच्या घराचे चिन्ह. पहिल्या वर्षी फक्त खालच्या ओठाला रंग. गळपट्टी लाल; जसजशी वर्षे जातात तसतशी तिच्यावर पांढरी भरतकामाची दाटी होते, आणि विशीच्या सुमारास ‘एरिकाए’, म्हणजे गळपट्टी पालटण्याचा विधी होऊन ती पूर्ण शुभ्र होते. तेव्हा ती गेइको बनते. वय वाढावे तसा साज कमी व्हावा आणि कला वाढावी, हा यातील संकेत. विशीतली माइको सर्वांचे लक्ष वेधते, पण खरा जाणकार वाट पाहतो ती साठीतल्या गेइकोची. १९०५ साली जन्मलेल्या चौथ्या इनोउए याचियो यांना १९५५ साली राष्ट्राची जिवंत संपत्ती म्हणून गौरविण्यात आले, आणि त्यानंतरही त्या कित्येक वर्षे नाचत होत्या.

आपल्याकडील इतिहासाशी येथे तुलना सुचल्यावाचून राहत नाही. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला. गोमंतकातील कलावंत समाजाने शिक्षणाच्या बळावर जुनी बंधने झुगारली, आणि त्याच समाजातून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका देशाला लाभल्या. आपण जुने घर मोडले आणि कला तेवढी बाहेर काढून सभागृहात नेली. जपानने घर तसेच ठेवले आणि त्याच्या आतील कायदा बदलला. आपल्या मार्गाने स्त्रीला मोकळीक मिळाली, पण जिच्या मुखी ती कला होती अशा कैक जणींची नावे मागे राहिली. जपानी मार्गाने नाव, वेष, नाती सर्व राहिले. पण जुन्या भिंतींबरोबर जुनी सावलीही काही अंशी राहिली. कोणता मार्ग बरा, याचा निवाडा एका वाक्यात होणार नाही.

सावली राहिली असे म्हणण्यास कारण आहे. २०२२ साली एका माजी माइकोने अल्पवयात मद्य घ्यावे लागणे आणि पाहुण्यांबरोबर स्नानाची सक्ती यांविषयी जाहीरपणे लिहिले आणि देशभर चर्चा उसळली. माइकोला शिकण्याच्या काळात पगार नसतो. तिचा खर्च घर सोसते आणि ती पाच-सहा वर्षे त्या घरासाठी काम करते. हे शिष्यत्व आहे की नोकरी, हा प्रश्न कामगार कायद्यापुढे उभा आहे. दुसरीकडे प्रवाशांची गर्दी एवढी, की रस्त्यातून जाणाऱ्या माइकोचा पाठलाग करणाऱ्यांना आवर घालण्यासाठी गिओनच्या रहिवाशांना २०२४ साली आपल्या खाजगी गल्ल्या बंद कराव्या लागल्या. टोकियोच्या सुमिदा नदीकाठची यानागिबाशी ही एकेकाळची पहिल्या प्रतीची वस्ती तर १९९९ साली कायमची संपली. सर्व जपानात आता गेशा हजाराच्या आसपास असाव्यात, आणि क्योटोतील पाचही वस्त्या मिळून दोन-अडीचशे.

तरीही १९१३ साली बांधलेले आणि दुरुस्तीसाठी बंद असलेले गिओनचे नाट्यगृह २०२३च्या एप्रिलमध्ये मियाको ओदोरीसाठी पुन्हा उघडले, तेव्हा नर्तकींच्या रांगा दोहों बाजूंनी पूर्वीप्रमाणेच आल्या. ज्या कलेचा जन्म खंदकाने वेढलेल्या वस्तीत झाला, तिने तो खंदक ओलांडला आहे. हे काम एका हुकमाने झाले नाही. शाळा, न्यायालय, सक्तीचे शिक्षण आणि आपली हकिकत स्वतःच्या अक्षरांत लिहिणारी एक अशिक्षित स्त्री, या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंपरेची खरी कसोटी तिच्या वयावर ठरत नाही; जिच्या खांद्यावर तिचा भार आहे, तिला तो उतरवून ठेवण्याची मुभा आहे की नाही, यावर ठरते. आज ती मुभा गेशेला बव्हंशी मिळाली आहे. जे उरले आहे ते मिळवून देणे, हे तिच्या नृत्याला टाळ्या देणाऱ्यांचेही कर्तव्य आहे.